रकाना क्रमांक सहा

३ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद नेहमीचेच, तक्रार मात्र नवी.

तू महापालिकेच्या तक्रार कक्षात चिकटलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, घरातलं माणूस सरकारदरबारी असलं की कधी ना कधी उपयोगी पडतं. ती वेळ आली आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं विचारू नकोस. कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखन केलंय मी. तोंडी बोललेलं माणसं दुसऱ्या दिवशी कशी नाकारतात ते मला पुरतं ठाऊक आहे.

विषय माझ्या खिडकीखालच्या बाकाचा. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी चारला मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसते, आणि चार वाजून दहा मिनिटांनी खाली टोळकं जमतं. त्यात एक जाडजूड बसड्रायव्हर आहे. तो हसला की माझी तावदानं थरथरतात. दुसरा एक लुकडा, तो वर तोंड करून शिट्ट्या वाजवतो. पहिल्या मजल्यावर मी राहते, तेव्हा वर म्हणजे कुठे हे मी सांगायला नको. माझं वय बासष्ट आहे, पण शिट्टी ती शिट्टीच. शिवाय एक नवरा-बायको आहेत. ते रोज साडेचार ते पाच कडाकडा भांडतात आणि मग काही झालंच नाही असे निघून जातात. कालचं भांडण मी खिडकीतून शब्दशः टिपलं. नमुना देते:

बाई : तू लहानपणापासून असाच आहेस. अर्धं ऐकायचं आणि पूर्ण ओरडायचं.
बुवा : आणि तू? तू तर अर्धंही ऐकत नाहीस!
बाई : काय म्हणालास?
बुवा : बघ!

यावर ड्रायव्हर हसला, लुकड्याने शिट्टी वाजवली, आणि माझं पान सातव्यांदा पहिल्या ओळीवर आलं.

‘सार्वजनिक जागी रेंगाळणे व गैरवर्तन’ या विषयाचा तुमचा छापील अर्ज भरून सोबत पाठवते आहे. एका जागेबद्दल तीन तक्रारी झाल्या की पालिका बाक उचलून नेते असं ऐकलं. खरं असेल तर उरलेले दोन अर्जही धाड.

तुझी मावशी


८ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण माझं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये तेवढी जागा नाही.

तुझा अर्ज मिळाला. असा सुवाच्य अर्ज या कक्षात आजवर आला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी तो दोनदा वाचला आणि भांडणाचा पुढचा भाग कधी येणार म्हणून विचारलं.

आता नियम ऐक. नव्वद दिवसांत एका जागेबद्दल तीन तक्रारी नोंदल्या गेल्या, तर साहेब बाक हलवण्याचा हुकूम काढतात आणि तिथे कठडा बसतो. पण एका माणसाला दोनच करता येतात. तिसरी दुसऱ्या कुणीतरी करावी लागते.

आणि तुझ्या अर्जात एक खोट आहे. रकाना क्रमांक सहा बघ. ‘सदर व्यक्ती त्या जागी विनाकारण थांबल्या होत्या काय? आधार द्यावा.’ तू लिहिलंस, ‘होय. उघड आहे.’ मावशी, हा काय आधार झाला? तुझ्या न्यायाधीशांनी असं चालवून घेतलं असतं का? थांबायला कारण असेल तर ते रेंगाळणं होत नाही. कारण आहे की नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा खिडकीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, जरा खाली उतर.

आणखी एक. ते नवरा-बायको नसावेत. नवरा-बायको एकमेकांना ‘लहानपणापासून असाच आहेस’ म्हणत नाहीत.

दाढेचं काय झालं? तुझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर बसतो आणि तू लवंग चावत बसतेस!

तुझी भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

दाढ माझी आहे, रेंगाळली तरी माझ्या तोंडात रेंगाळते.

सोबत दुसरी तक्रार. ही स्वतंत्रपणे शिट्टीवाल्याची. काल त्याने एकच धून अकरा वेळा वाजवली. दोन तक्रारी माझ्या झाल्या, तिसरी करणारा कुणीतरी भेटेलच. या इमारतीत चिडलेल्या माणसांचा तुटवडा नाही.

रकाना सहाबद्दल तुझं म्हणणं, वाईट वाटतं लिहायला, पण बरोबर आहे. आधाराशिवाय विधान करणं मला शोभत नाही. उद्या वही, पेन्सिल आणि छत्री घेऊन खाली जाते. छत्री उन्हासाठी. वेळ आली तर इतर कामासाठीही.

मावशी


१९ मार्च

भिंगरे,

उलटतपासणी पूर्ण झाली. तीन दिवस लागले. शब्दशः नोंदी माझ्याकडे आहेत, इथे सारांश देते.

ड्रायव्हर. मी वही उघडून विचारलं, “आपण येथे का थांबता?” तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं मी पालिकेची आहे. म्हणाला, “बाई, माझी पाळी चारला सुटते. घरी बायको झोपलेली असते. ती रात्रपाळीची नर्स आहे. आमचं घर म्हणजे एकच खोली. मी शिरलो की काही ना काही आपटतंच माझ्या हातून. ती सहाला उठते. तोवर इथे बसतो.” मी म्हटलं, मग हसता एवढ्या मोठ्याने का? तर म्हणे, “घरी हळू हसावं लागतं ना, म्हणून इथे उरकून घेतो.”

शिट्टीवाला. हा कुलपं दुरुस्त करतो. याचा कामातला जोडीदार माझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. शिडीवरून पडून दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. जिने चढून जायचं तर याचे गुडघे गेलेले, उतरून यायचं तर त्याचा पाय मोडलेला. म्हणून हा खालून शिट्टी वाजवतो आणि तो वरून खिडकीच्या गजावर चमचा आपटून उत्तर देतो. तो चमचा मी रोज ऐकत होते आणि नळाच्या पाइपाला दोष देत होते. थोडक्यात, शिट्टी माझ्यासाठी नव्हती. बरं वाटलं. किंचित वाईटही वाटलं, पण ते नोंदीत घेऊ नकोस.

भांडणारी जोडी. तू जिंकलीस. भाऊ-बहीणच निघाले. कोपऱ्यावरची लाँड्री दोघांची. दुकानात गिऱ्हाईकांसमोर भांडायचं नाही आणि घरी आईसमोर भांडायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय. मग भांडायचं कुठे? म्हणून रोज अर्धा तास दुकानाला कुलूप लावून बाकावर येतात, दिवसभराचं सगळं भांडून घेतात आणि परत जाऊन इस्त्री करतात. मी इतके घटस्फोट ऐकले कोर्टात, पण इतकी शिस्त कुठल्याही जोडप्यात पाहिली नाही.

म्हणजे कारण नाही असा एकही निघाला नाही. आता रकाना सहामध्ये मी काय लिहू, ते सांग.

मावशी


२६ मार्च

मावशी,

घाईत आहे. उन्हाळ्यामुळे पाण्याच्या तक्रारींचा ढीग पडलाय. तुझं पत्र काकांनी मोठ्याने वाचून दाखवलं. चमच्याचा भाग सगळ्या कक्षाने पुन्हा वाचायला लावला.

रकाना सहा राहू दे. तू खाली जात जा.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरे,

जात जा काय म्हणतेस, रोजच जाते! आता बाकावरची डावीकडची जागा माझी आहे. ड्रायव्हर ती रुमालाने पुसून ठेवतो.

मला कामही मिळालंय. लाँड्रीवाले बहीण-भाऊ काल बोललेलं आज नाकबूल करतात. “मी असं म्हणालोच नव्हतो!” “म्हणाला होतास!” मग दोघं माझ्याकडे बघतात. मी वही उघडते आणि कालची नोंद वाचून दाखवते, कोर्टात वाचायचे तशीच, आवाजात चढउतार न करता. ‘बुवा : आधी तुझ्या अकलेवर इस्त्री फिरव.’ परवा हे ऐकून भाऊच इतका हसला की बहिणीने त्याच्या पाठीत धपाटे घातले. ड्रायव्हर तर बाकावरून घसरला. मीही हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक. स्वतःचा आवाज ऐकून दचकलेच.

तर मुद्दा असा. माझ्या दोन्ही तक्रारी मला मागे घ्यायच्या आहेत. त्या चुकीच्या आधारावर होत्या. त्यांचे नोंदणी क्रमांक कळव, म्हणजे रीतसर अर्ज करते. आणि महिना उलटला तरी पोच कशी आली नाही?

मावशी


६ एप्रिल

मावशी,

आधी पाणी पी. मग पुढचं वाच.

क्रमांक नाहीत, कारण तुझ्या तक्रारी मी नोंदल्याच नाहीत. दोन्ही माझ्या खणात आहेत, डब्याखाली. पहिली आली तेव्हाच मला वाटलं, मावशीला बाकाचा त्रास नाही, कंटाळा आलाय. नोंदवली तर बाक जाईल आणि खिडकीतून बघायलाही काही उरणार नाही. म्हणून रकाना सहा पुढे केला. खरं तर तो रकाना अर्धे लोक रिकामा सोडतात आणि आम्हीही चालवून घेतो. तू खाली उतरावंस एवढंच माझ्या मनात होतं. आणि तू उतरलीस की नाही? मग शेवट गोड झाला, आता रागावू नकोस.

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

चौतीस वर्षांत मी नोंदीतला एक शब्द गाळला नाही. आरोपीने शिवी दिली तर शिवी लिहिली, न्यायाधीशांना शिंक आली तर शिंक लिहिली. आणि तू माझे दोन अख्खे अर्ज डब्याखाली दाबलेस!

तू केलंस ते प्रेमाने, हे कळतं मला. पण म्हातारीच्या हातात खुळखुळा द्यावा तसं वागवलंस, त्याचा राग आलाय. मला कंटाळा आलाय असं वाटलं होतं, तर तसं सरळ विचारायचंस. आता तुझ्याबद्दल तक्रार कुणाकडे करू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दोन्ही अर्ज आजच्या आज नोंदव. मग मी ते मागे घेईन. जे व्हायचं ते कागदावर होऊ दे.

मावशी


१५ एप्रिल

मावशी,

नोंदवले. आणि आपण दोघींनी मिळून हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आहे.

उशिरा नोंदवल्याबद्दल साहेबांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. मी कारण लिहिलं, ‘अर्जदार माझी मावशी आहे.’ त्यांनी लाल पेनाने खाली लिहिलं, ‘ग्राह्य नाही.’ ते जाऊ दे, माझी कातडी जाड आहे.

खरी पंचाईत पुढे आहे. नोंदलेली तक्रार मागे घेता येत नाही, सुनावणीतच निकालात काढावी लागते. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि नव्हतं. त्यात तुझे अर्ज चढवले त्याच दिवशी, त्याच बाकाबद्दल, तिसरी तक्रार आली. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. जशीच्या तशी उतरवते, नाहीतर पुन्हा म्हणशील शब्द गाळला:

‘दररोज दुपारी चारपासून एक वयस्क महिला वही व छत्रीसह बाकावर ठाण मांडून बसते. ती मोठमोठ्याने काहीतरी वाचून दाखवते व त्यावर आरडाओरडा, हास्य व शिट्ट्या होतात. माझे रुग्ण आ वासलेल्या स्थितीत हसतात, त्यामुळे माझे यंत्र घसरते. सदर महिला विनाकारण तेथे बसते.’

मावशी, ती महिला तू आहेस. आणि आता तीन झाल्या.

पंचवीस तारखेला बाक उचलायची गाडी ठरली आहे. त्याआधी लेखी म्हणणं देता येतं. तुझ्या दोन तक्रारींबद्दल तू दे, आणि तिसरीत तू स्वतः ‘संबंधित व्यक्ती’ आहेस, तर तुझा रकाना सहा तूच भर. एकही तक्रार निकालात निघाली तरी बाक वाचतो. पण पहिल्या दोन तुझ्याच, आणि आता तूच उलट सांगणार, तेव्हा साहेब त्यावर कितपत विश्वास ठेवतील सांगता येत नाही. सगळी भिस्त तिसरीवर आहे. नीट कारण लिही. हवं तर मी मसुदा करून पाठवते, ‘डॉक्टरी सल्ल्याने मोकळ्या हवेत बसणे’ वगैरे.

भिंगरी


१८ एप्रिल

भिंगरे,

काल बाकावर सगळ्यांना खरं सांगितलं. पहिल्या दोन तक्रारी माझ्या होत्या हेही सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण मग मी वहीत काय लिहिलं असतं?

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ड्रायव्हर म्हणाला, “असू द्या बाई, मी डेपोतच बसत जाईन.” लाँड्रीवाली म्हणाली, “आम्ही भांडण बंद करू.” तिचा भाऊ म्हणाला, “म्हणजे दुकानच बंद करू.” शिट्टीवाल्याने वर बघितलं आणि शिट्टी न वाजवताच गेला. वरून दोनदा चमचा वाजला. खाली उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग मीच छत्रीने बाकाचा पाय ठोकला. मला दुसरं काय जमणार?

पहिल्या दोन तक्रारींवरचं म्हणणं सोपं होतं. चौघांच्या साक्षी टाइप करून जोडल्या आहेत. अडले ती माझ्या रकान्यापाशी.

तुझा मसुदा नको. मोकळी हवा मला खिडकीतही मिळते. मी आधी लिहिलं, ‘निरीक्षणासाठी.’ खोडलं. मग लिहिलं, ‘बहीण-भावांच्या विनंतीवरून नोंदी ठेवण्यासाठी.’ हे खोटं नाही, पण खरंही नाही. त्यांनी विनंती केली नसती तरी मी गेलेच असते. अख्खी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं लिहिण्यात गेली, माझं स्वतःचं एक वाक्य कधी कुठल्या कागदावर आलं नाही. पेन्सिल हातात धरून तासभर बसले. शेवटी जे आहे तेच लिहिलं. अर्ज सोबत आहे. वाचून झाल्यावर मला त्याबद्दल फोन करू नकोस.

मावशी

(सोबत जोडलेला अर्ज. रकाना क्रमांक सहा : घरी माझ्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून मी तेथे बसते.)


२३ एप्रिल

मावशी,

फोन नको म्हणालीस, म्हणून हे पत्र. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून अक्षर असं आलंय.

तुझा अर्ज मी साहेबांसमोर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी तुझ्या पहिल्या दोन तक्रारी वाचल्या, साक्षी वाचल्या, चमच्याशी थांबले. मग तिसरा अर्ज उचलला. रकाना सहा दोनदा वाचला. एरवी हा माणूस ‘पुढचा’ म्हणायला श्वासही घेत नाही. मग लाल पेन खाली ठेवून निळं घेतलं आणि लिहिलं, ‘कारण ग्राह्य. तिन्ही तक्रारी निकाली. बाक आहे तेथे राहील.’ खाली एक अट आहे, की डॉक्टरांच्या कामाच्या वेळेत आवाज बेताचा ठेवावा.

पंचवीसची गाडी रद्द केली. काकांनी कक्षात चहा मागवला.

आता माझं ऐक. तुला कंटाळा आलाय हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. दुसऱ्याचं कळायला मी भारी हुशार! पण त्यावर काय केलं, तर तुला खाली पाठवलं. स्वतः नाही आले. तुझ्या घरी यायला दोन बस लागतात आणि मी सात महिन्यांत एकदाही चढले नाही. शहरभराच्या तक्रारींची पोच देते मी, तुलाच तेवढी दिली नाही. लाज वाटते गं.

शनिवारी येऊ का? काहीतरी निमित्त काढते. स्थळपाहणी दाखवता येईल, किंवा निकालाची प्रत हातोहात द्यायची आहे असं म्हणते.

भिंगरी


२५ एप्रिल

भिंगरे,

गाडी आली नाही. तरी आम्ही सगळे चारपासून बाकावर घट्ट बसून होतो. न जाणो, पालिकेचा भरवसा काय!

डॉक्टरांकडे मी स्वतःच वर गेले. म्हटलं, तुमची तक्रार खरी आहे, आणि माझी दाढही खरी आहे. त्यांनी दाढ काढली. त्यांचा दवाखाना पाचला बंद होतो, तेव्हा भांडणाची वेळ आता पाच ते साडेपाच ठरली आहे. मात्र तोंडात कापूस असल्यामुळे मला कालची नोंद वाचता येईना. मग डॉक्टरांनीच खाली येऊन वाचून दाखवली. वाईट वाचतात. हसायला यायच्या आधीच हसतात.

शनिवारी ये. बाकावर माझ्या शेजारी जागा ठेवते. स्थळपाहणी नको, निकालाची प्रतही नको.

विनाकारण ये.

तुझी मावशी